टाळ्या जरा नंतर वाजवा

वडोदऱ्यात ट्रायथलॉन केली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "पोहलात कुठे, विश्वामित्रीत?" आणि पाठोपाठ हशा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत. गावाबाहेर कुठेतरी नव्हे, भर शहरात, काठावरच्या गाळात ऊन खात पडलेल्या. २०२४च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा त्या लोकांच्या अंगणात शिरल्या होत्या. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला आजवा तलाव आहे, त्याचं पाणी अजून शहराला मिळतं. पण मगरी तिथेही आहेत. तेव्हा खुल्या पाण्यात पोहण्याचा विषयच संपला. इथल्या स्पर्धेत पोहणं तरणतलावातच: पन्नास मीटरच्या पंधरा खेपा, म्हणजे ७५० मीटर. मग २० किलोमीटर सायकल आणि वर ५ किलोमीटर धावणं. याला स्प्रिंट म्हणतात. पॅरालिम्पिकमधल्या पॅराट्रायथलॉनचं अंतरही एवढंच असतं. २०१६ साली रिओमध्ये हा खेळ तिथे पहिल्यांदा आला.

याआधी ही स्पर्धा मी स्वतःपुरती केली होती. या वेळी एका अंध खेळाडूची गाईड म्हणून उतरले. निकालाच्या कागदावर नाव जोडीदारणीचं, माझा उल्लेख शेजारी बारीक अक्षरात. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. "नाव छापलंस तर दवाखान्यात लोक पेशंट म्हणून नाही, हार घेऊन येतील," असं तिनं बजावलंय.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. अहमदाबादच्या अंधजन मंडळात दृष्टिहीनांना फिजिओथेरपी शिकवतात, ती तिथलीच. दांडिया बाजारात माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर तिचा दवाखाना, आणि माझा खांदा धरला होता तेव्हा तो तिनं सोडवला. डोळ्यांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, मग नजरेचं वर्तुळ आक्रसत जातं. आता तिला उजेड कुठून येतोय ते कळतं आणि अगदी समोरचा एक बारीक ठिपका दिसतो. पोहायला ती लहानपणी शिकली होती, तेव्हा चांगलं दिसत होतं. धावणं अहमदाबादला सुरू झालं. राहिली सायकल.

खांद्याचा व्यायाम घेता घेता एक दिवस म्हणाली, "ताई, तुम्ही तिन्ही करता ना?" आंतरराष्ट्रीय नियम असा की स्त्री खेळाडूला गाईड स्त्रीच हवी. गावात पोहणाऱ्या बायका पुष्कळ, धावणाऱ्या तर कमाटीबागेत सकाळी मोजायला नकोत. पण तिन्ही करणारी आणि पहाटे पाचला घर सोडू शकणारी शोधायला गेलं की यादी फार लवकर संपते. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या निकेत दलालनं २०२० साली दुबईत हाफ आयर्नमॅन पूर्ण केली, दिसत नसताना: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१ किलोमीटर धावणं. ती त्याचं नाव घ्यायची ते कौतुकानं नव्हे, तक्रारीच्या सुरात. "त्याला गाईड मिळाला. मला अडीच वर्षांत एक बाई मिळत नाही."

नियमांचं पुस्तक तिनं मोबाईलकडून वाचून घेतलं होतं, मला ऐकवलं. गाईडनं ओढायचं नाही. ढकलायचं नाही. पुढे राहून वेग लावून द्यायचा नाही. पोहताना आणि धावताना दोघी दोरीनं बांधलेल्या, सायकल टँडम, म्हणजे दोघींची मिळून एक. "मग मी करायचं काय?" मी विचारलं. "सांगायचं," ती म्हणाली. "वेळेवर."

हे वाटतं तितकं सोपं नाही. सुरुवात तलावात झाली. दोरी म्हणून तिनं दवाखान्यातली व्यायामाची रबरी पट्टी आणली, पिवळी, मऊ. एक टोक तिच्या मांडीला, एक माझ्या. कमरेला बांधून पाहिली, पण पाय मारताना ती वर सरकायची, मांडीवर बसली. मी तिच्या उजवीकडे, कारण मला डावीकडे श्वास घेता येतो आणि प्रत्येक श्वासाला ती दिसली पाहिजे. परिणामी सगळा सराव एकाच बाजूला श्वास घेऊन. मान इतकी आखडली की पुन्हा तिच्याचकडे जावं लागलं, आणि तिनं पैसे घेतले.

न दिसता सरळ पोहता येत नाही. कुणालाच येत नाही. डोळे मिटून एक खेप मारून बघा, चौथ्या-पाचव्या हातालाच दोरावर आपटाल. तिचा कल डावीकडे. पट्टी ताणली गेली की तिला कळायचं आणि ती परत जवळ यायची, त्यात मी काही करायचं नव्हतं. माझं काम भिंतीचं. पोहण्याच्या पॅरा स्पर्धांत काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा असतो आणि भिंत जवळ आली की तो माणूस त्या गोळ्यानं पोहणाऱ्याला हलकेच टपली देतो. आमच्याकडे ते काम माझ्या हाताचं. भिंत दोन हातांवर आली की खांद्यावर एक टपली. ती तशीही हात मोजतेच. पन्नास मीटरला तिचे अठ्ठेचाळीस. दमली की एक्कावन्न-बावन्न, आणि नेमकं तेव्हाच टपलीची गरज लागते, कारण मोजलेलं चुकतं.

सायकलची गोष्ट वेगळी. टँडम आमच्या गावात दुकानात लटकलेली मिळत नाही. सायकलवेड्या एका जोडप्यानं हौसेनं आणलेली आणि एका उन्हाळ्यात भांडून गॅलरीत ठेवून दिलेली अशी एक मिळाली. पुढे बसते ती कॅप्टन. तिच्याकडे हँडल, ब्रेक, गिअर, सगळा कारभार. मागच्याला परदेशी सायकलवाले स्टोकर म्हणतात, कोळसा घालणारा. मागे हँडल असतं पण ते वळत नाही. आणि मुख्य म्हणजे पुढचे-मागचे पायडल डाव्या बाजूच्या चेननं एकमेकांना जोडलेले असतात. मी थांबले की तिचे पाय थांबतात. तिनं जोर लावला की माझे पाय ढकलले जातात.

पहिल्या दिवशी मी तिला सगळं सांगत होते. पुढे थोडासा खड्डा आहे, मला वाटतं डावीकडून काढू या. एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत खड्डा मागे पडलेला असायचा आणि तिच्या पाठीत उसण. ती म्हणाली, "ताई, बातम्या नकोत. एक शब्द." माझे आजोबा जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे, घरातही त्यांच्या तोंडी आखाड्यातल्या आज्ञाच असत, एकेका शब्दाच्या. मग आम्हीही शब्द ठरवले. "गचका" म्हणजे सीटवरून उचल, मागच्या चाकावर खड्डा सर्वांत जोरात लागतो. "सोड" म्हणजे पाय मोकळे. "लाव" म्हणजे जोर. "डावी", "उजवी" वळणाच्या आधी, वळणात नव्हे. निघताना "तीन, दोन, चल", डावा पायडल वर. "अहो ताई"चं "अगं ताई" कधी झालं ते कळलं नाही. बहुधा सिंधरोटच्या रस्त्यावरच्या एखाद्या गतिरोधकावर.

सिंधरोटचा रस्ता महीच्या काठाकडे जातो. पहाटे तिकडे भाजीचे टेम्पो, दुधाच्या मोटारसायकली आणि रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गाई. तिथे मला कळलं की सांगण्याचं काम एकाच बाजूनं चालत नाही. "मागून मोठी गाडी," ती सांगायची, माझ्या कानावर हॉर्न पडायच्या कितीतरी आधी. "डावीकडे भिंत संपली," कारण वाऱ्याचा झोत बदलला. "चेन वाजतेय." मला काही ऐकू येत नव्हतं. थांबून पाहिलं तर डावीकडची चेन सैल होऊन दातऱ्यावरून अर्धी सुटायला आलेली. त्यानंतर तिनं "वाजतेय" म्हटलं की मी वाद घातला नाही.

टँडम वळवणं म्हणजे बोळात उसाची ट्रॉली वळवणं. आणि स्पर्धेत पाच किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या, प्रत्येक फेरीला दोन यू-टर्न.

बाकीचे खेळाडू सरावातच भेटले. एकाला लहानपणीचा पोलिओ, दोन्ही पायांत जोर नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, त्यामुळे त्याच्यासारखे नवे आता कुणी येत नाहीत. "हमारा बॅच बंद हो गया," असं तो हसत सांगतो. त्याची हातानं चालवायची सायकल मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डिंगवाल्यानं बनवलेली: मोटारसायकलचे शॉकअब्सॉर्बर, मुलांच्या सायकलचं पुढचं चाक, वर हाताचे पायडल. बाहेर अशा सायकली झोपून चालवायच्या असतात, जमिनीपासून वीतभर उंच. याची जरा उंच आहे कारण आमच्याकडचे गतिरोधक. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण किती सेकंदांत जिंकलं हे त्याला तोंडपाठ आहे. ३७.३३. स्वतःची वेळ तो सांगत नाही.

दुसरा तरुण, डावा पाय गुडघ्याखाली नाही. कसा गेला ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्याच्याकडे दोन पाय आहेत, म्हणजे बदलायचे. सायकलच्या पायाला सायकलचा बूट खालून कायमचा स्क्रूनं बसवलेला, आणि धावायला रोजचा जयपूर फूट. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला तो आपल्या माणसांसाठी: उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं. पाच किलोमीटर पळायला नव्हे. पळायला कार्बनचं पातं लागतं आणि त्याची किंमत लाखांत. तरी तो पळतो, अर्ध्या वाटेत थांबतो, पाय काढतो, घामानं भिजलेला मोजा बदलतो, पावडर लावतो आणि पुन्हा पळतो. हे थांबणं तो आपल्या वेळापत्रकात धरूनच चालतो.

या लोकांत बसलं की बोलणं कशाचं चालतं? ट्यूबचं, पावडरचं, कोणत्या तलावाला नीट पायऱ्या आहेत त्याचं. जिद्द हा विषय एकदाही निघाला नाही.

स्पर्धा फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रविवारी. उत्तरायण होऊन पंधरवडा उलटलेला, पण वडोदऱ्यात पतंगाचा मांजा तेवढ्यात संपत नाही. झाडांवर, तारांवर तो लोंबत राहतो आणि वाऱ्यानं रस्त्यावर आडवा येतो. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे. लोंबणाऱ्या मांज्याला ते माहीत नसतं. इथले स्कूटरवाले हँडलला वाकवलेली तार लावतात तशी आम्ही टँडमला लावली आणि मी गळ्याला जाड पट्टा गुंडाळला. मागे बसणारीला काही नको, कारण गळा माझा पुढे. "हा तुझा मान," ती म्हणाली.

सकाळी सातला पाणी गार होतं, पुढचं काही सांगण्यासारखं नाही. मोठ्या स्पर्धांत पूर्ण अंध खेळाडूंना किंचित दिसणाऱ्यांच्या काही मिनिटं आधी सोडतात. इथे आम्हाला कडेची रांग दिली आणि सगळ्यांबरोबर सोडलं, तेही पुष्कळ. पोलिओवाला शेजारच्या रांगेत. त्यानं दोन्ही घोटे ट्यूबच्या तुकड्यानं एकत्र बांधले, म्हणजे पाय फाकत नाहीत, आणि शिट्टी होताच नुसत्या खांद्यांवर असा निघाला की तिसऱ्या खेपेला आम्ही त्याची लाट खात होतो. आमची लय चांगली जमली. सहाव्या-सातव्या खेपेनंतर टपली मारताना मला जाणवलं की ती टपलीच्या आधीच हात लांबवतेय. शेवटच्या तीन खेपांना मात्र मी मागे पडू लागले. पट्टी उलटी ताणली गेली. आता तिच्या मांडीकडून माझ्याकडे.

तलावाला उतार नव्हता, फक्त लोखंडी शिडी. पोलिओवाला काठाकडे पाठ करून हातांच्या जोरावर वर चढतो, बसतो आणि मग खुर्चीकडे सरकतो; सरावात शंभर वेळा केलेलं. पण स्पर्धेचा दिवस, टीशर्ट घातलेले उत्साही स्वयंसेवक. दोघांनी त्याला बगलेतून धरून उचललंच. तो ओरडला, "ऊभा रहो! पहेलां पूछो तो खरा!" म्हणजे थांबा, आधी विचारा तरी. त्यांना वाटलं तो उत्साहानं ओरडतोय. त्यांनी अजून उंच उचललं.

आम्ही शिडीनं वर आलो, मी पुढे, तिचा हात माझ्या कोपरावर. तिथून सायकलीपर्यंत पन्नास-साठ पावलं: ओली फरशी, मग प्लास्टिकचा गालिचा, मग डावीकडे वळण, मग स्टँड. हा रस्ता आम्ही आदल्या संध्याकाळी पाय मोजून चालून ठेवला होता. आणि नेमकं तेव्हा माईकवरच्या माणसानं आम्हाला पाहिलं.

"आ बेन जोई शकतां नथी, छतां जुओ! जोरदार ताळीओ!" या बाईंना दिसत नाही, तरी बघा, जोरदार टाळ्या.

टाळ्या पडल्या. चांगल्या मनाच्या, दिलखुलास टाळ्या, दोन्ही बाजूंनी, शिट्ट्यांसकट. दूर वळणावरचा ढोलही सुरू झाला. मी "डावी" म्हटलं. मलाच ते ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडून म्हटलं. तिचा हात कोपरावर घट्ट झाला आणि ती जागच्या जागी थांबली. चेहरा कोरा. नंतर तिनं सांगितलं: त्या क्षणी तिला फक्त आवाजाची भिंत होती, चहूबाजूंनी सारखी. गालिच्याची कड पायाला लागली ती कोणत्या बाजूची कळेना. दिसणाऱ्या माणसाच्या तोंडावर कुणी दिवसाढवळ्या टॉर्च मारावा आणि म्हणावं, धाव. लोकांना वाटलं ती भारावून थांबलीय. टाळ्या वाढल्या.

शेवटी मी तिचा तळहात उघडून त्यावर डावीकडे बोट ओढलं, तेव्हा आम्ही हललो.

मला याचा राग पुढेही बरेच दिवस राहिला म्हणून इथे जरा थांबते. हे नवीन ज्ञान नाही. अंधांच्या गोलबॉलमध्ये चेंडूत घुंगरं असतात आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. गोल झाला की मग काय हवं ते करा. अंधांच्या फुटबॉललाही तेच. पूर्ण अंधांच्या लांब उडीत तर दिशा दाखवणारा माणूसच खड्ड्यापाशी टाळ्या वाजवत उभा असतो, आणि त्या एका माणसाच्या टाळ्या ऐकू याव्यात म्हणून अख्खं स्टेडियम शांत ठेवतात. तिथे टाळीचा उपयोग आहे. आपल्याकडे टाळी वाजवणाऱ्यालाच बरं वाटावं म्हणून वाजते.

सायकलवर पहिल्या यू-टर्नला तोच प्रकार. वळणाच्या टोकावर ढोलवाले उभे केलेले, कारण तिथे खेळाडू सावकाश होतात आणि फोटो चांगले येतात. मी "सोड" ओरडले. ती जोर लावतच राहिली, तिला काही ऐकूच गेलं नाही, आणि जोडलेल्या पायडलमधून तो जोर माझ्या पायांवर आला. अर्ध्या वळणात टँडम डगमगली, दुभाजकाला हातभर अंतर ठेवून कशीबशी निघाली. सरळ रस्त्याला लागल्यावर ती मागून म्हणाली, "आवाजाचं सोड. पायानं सांग."

मग चालत्या सायकलवर नवी भाषा ठरली. पायडलवर मागे दोन हलके झटके म्हणजे सोड. एक लांब दाब म्हणजे लाव. चेन दोघींना बांधतेच आहे, तर तिच्यातूनच बोलायचं. दुसऱ्या टोकाच्या यू-टर्नला दोन झटके दिले आणि मागचे पाय तत्क्षणी मोकळे झाले. ढोल वाजत होता, माईकवर काही चाललं होतं, आणि आम्ही त्या गलक्यातून एक शब्द न बोलता वळलो. त्या स्पर्धेतलं मला सर्वांत आवडलेलं काही असेल तर ते वळण. त्यापुढची सगळी वळणं तशीच झाली. तिसऱ्या फेरीत हँडलच्या तारेत गुलाबी मांजा अडकला, वाऱ्यावर फडफडत राहिला. मी तो सोडवायला थांबले नाही.

पोलिओवाल्याला आम्ही सायकलवर गाठलं. हातांनी २० किलोमीटर म्हणजे काय ते त्याच्या मानेच्या शिरा पाहून कळत होतं. ओलांडताना तो म्हणाला, "बे जणा ने एक जण सामे? चीटिंग!" एकासमोर दोघं, असं त्याचं म्हणणं. तिनं मागून ओरडून सांगितलं की तुला पाय हलवायचे कष्ट नाहीत. मला क्षणभर धसका बसला. तो मात्र खो खो हसला. हे बोलणं फक्त तीच बोलू शकते.

धावण्यात दोरी म्हणजे बुटाची नाडी, दोन्ही टोकांना गाठी. हाताची लय जुळलेली असली की नाडी सैल राहते. रस्ता सपाट, अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या, मला सांगायला फारसं नव्हतं: गतिरोधक, पाण्याचं टेबल, वाटेत फेकलेले कागदी पेले. इथे तिनं वेग वाढवला. मला नियम आठवत होता की मी ओढायचं नाही. मला ओढू नये असा नियम कुणी केलेला नाही.

दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला जयपूर फूटवाला दुभाजकावर बसून मोजा बदलत होता. "बसलाय," मी सांगितलं. "किती वेळ घेईल?" "दीडेक मिनिट." तिनं हिशेब केला असावा, कारण आणखी वेग वाढला. शेवटच्या टप्प्यात माझ्या छातीत भाता चाललेला आणि ती म्हणते, "आला." मागे वळून पाहिलं, माणसांच्या घोळक्यात मला तो दिसेना. "कुठे?" "ऐक ना. एक पाऊल मऊ, एक टक्." मला अजूनही ऐकू आलं नाही. मग आलं. टक्. टक्. रस्त्यावर रबरी पाय पडण्याचा तो आवाज हळूहळू आमच्या उजवीकडे आला. शेवटच्या दोनशे मीटरवर तो आम्हाला ओलांडून गेला, आणि जाताना एक शब्दही बोलला नाही, कारण त्याच्यात बोलण्याइतका श्वास उरलेला नव्हता.

रेषेपाशी पुन्हा माईक, पुन्हा टाळ्या. तिथे काही बिघडलं नाही, तिथे सरळच जायचं होतं.

नंतर आयोजकांना आम्ही एक पत्र लिहिलं. मजकूर तिचा, टंकलेखन माझं. शिडीशेजारी हलवता येईल असा रॅम्प. हात लावण्याआधी विचारायचं, हे स्वयंसेवकांना आदल्या दिवशी सांगणं. ढोल यू-टर्नपासून लांब, सरळ रस्त्यावर. आणि सायकली जिथे बदलतात त्या भागात माईक बंद. मी त्यात "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत" असं घातलं होतं. तिनं ते काढायला लावलं, पत्र लांबतं म्हणून. उत्तर आलं, सौजन्यपूर्ण. रॅम्पचं बघतो म्हणाले. ढोलाचं कठीण आहे, तो प्रायोजकाचा.

स्पर्धेनंतर सगळे सेवउसळ खायला गेलो. गाडीपाशी खुर्चीला जागा होती, म्हणून तीच निवडली. जयपूर फूटवाला पाय काढून शेजारच्या स्टुलावर ठेवून निवांत बसला. गाडीवाल्यानं स्टूल मोकळं समजून उचलायला हात घातला आणि दचकला. पोलिओवाल्यानं उसळीत तिखट वाढवून मागितलं. मग निकालाचा कागद मोबाईलवर आला आणि तिनं तो मोबाईलकडून दोनदा वाचून घेतला. पोहण्याची वेळ, सायकलची, धावण्याची, मधल्या बदलांची.

"सायकल चांगली," ती म्हणाली. "बदलात पावणेदोन मिनिटं गेली, ती माईकवाल्याची. धावण्यात तू मला धरून ठेवलंस."

"नाडी सैल होती," मी म्हटलं.

"सैल होती कारण मी थांबत होते." चमचा खाली ठेवून तिनं बोटं मोजली. "मोठ्या स्पर्धांत गाईड खेळाडूपेक्षा चांगलाच वेगवान बघतात, ताई. नाहीतर खेळाडूच गाईडला घेऊन जातो. पोहण्यात शेवटच्या तीन खेपा पट्टी कुणाकडे ताणलेली होती?"

जयपूर फूटवाला सेव तोंडात टाकत माझ्याकडे बघत होता. त्याला उत्तर हवं होतं.

"मार्चपासून तुझे वेगाचे सराव," ती म्हणाली. "मी घेते. आणि समोरच्या गल्लीतली एक मुलगी कॉलेजमध्ये पोहते म्हणे. तिच्याशीही बोलून ठेवलंय."